जंत आजार कसा घडवतो: काचपट्टीवर न दिसलेल्या कृमीविषयी

प्रयोगशाळेच्या कामाचे शिक्षण घेत असताना एका दुपारी आमच्या सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचा एक काप लावून ठेवला आणि आम्हा विद्यार्थ्यांना एकामागून एक येऊन पाहायला सांगितले. गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेल्या त्या कापाच्या मधोमध एक लांबट अंडे होते. त्याच्या एका कुशीवर गुलाबाच्या काट्यासारखा वाकडा काटा होता आणि भोवती पेशींची कडी एकाबाहेर एक अशी दाट रचलेली होती. अंड्याला अगदी चिकटून मोठ्या भक्षक पेशी होत्या, त्यांच्या अवतीभवती लालभडक कणांनी भरलेल्या, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी होती, आणि सर्वांत बाहेर फिकट गुलाबी तंतूंची भिंत उभी राहत होती. ‘यात कृमी दाखवा,’ असे सर म्हणाले. आम्ही काचपट्टी इकडून तिकडे सरकवत बराच वेळ शोधत राहिलो. शेवटी त्यांनीच सांगितले की कृमी या कापात नाही. तो आतड्याच्या शिरेत सुखाने राहत होता आणि यकृतात जे काही बिघडलेले दिसते आहे ते रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी केलेले आहे.

त्या दिवसापासून कोणत्याही कृमिरोगाविषयी वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की येथे नुकसान नेमके कोण करत आहे. जंत अन्न खातो, रक्त पितो आणि माणूस अशक्त होतो, ही समजूत चुकीची नाही, पण ती फार थोड्या आजारांना पुरते. कृमींच्या आजारांत जिवंत आणि धडधाकट कृमी पुष्कळदा सर्वांत कमी त्रास देतो. त्रास होतो तो त्याच्या अंड्यांमुळे, त्याच्या मरणामुळे, त्याने वाट चुकून भलत्या अवयवात मुक्काम केल्यामुळे, किंवा त्याला हुसकावण्यासाठी शरीराने उभारलेल्या लढ्यामुळे.

हे समजून घेण्यासाठी कृमी आणि जिवाणू यांच्यातील एक मूलभूत फरक लक्षात ठेवावा लागतो. जिवाणू शरीरात शिरला की तिथेच एकाचे दोन आणि दोनाचे चार होतो, त्यामुळे मोजके जिवाणूही काही दिवसांत आजार घडवू शकतात. बहुतेक कृमींना हे जमत नाही. पोटातल्या गोल जंताची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते, पण त्यांतले एकही अंडे त्याच पोटात वाढून नवा जंत होत नाही. ते विष्ठेतून बाहेर पडून मातीत काही आठवडे पिकावे लागते आणि मगच, कोणाच्या तरी तोंडावाटे आत गेल्यावर, पुढची पिढी सुरू होते. म्हणजे माणसाच्या पोटात वीस जंत असतील, तर तो त्या मातीतून, त्या पाण्यातून किंवा त्या न धुतलेल्या हातांवरून किमान वीस अंडी आत गेल्याचा हिशेब असतो. जंत आहे की नाही, यापेक्षा किती आहेत हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. मातीतून पसरणाऱ्या जंतांचा संसर्ग जगात सुमारे १५० कोटी लोकांना असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्यांना आपल्या पोटात काही आहे याची जाणीवही नसते.

जंतांची वाटणीही समान नसते. एखाद्या वस्तीतल्या सर्वांच्या पोटातील जंत मोजले, तर साधारणपणे पाचातल्या एकाच माणसाकडे त्यांतील चार पंचमांश जंत सापडतात आणि उरलेल्यांकडे थोडे किंवा एकही नसतो. काही जण मातीच्या अधिक संपर्कात येतात, काहींची प्रतिकार यंत्रणा आनुवंशिकतेनेच निराळी असते, आणि उपचारानंतरही तीच माणसे पुन्हा अधिक जंत बाळगताना दिसतात. गंभीर आजार याच थोड्या माणसांना होतो आणि माती दूषित करणारी अंडीही मुख्यतः त्यांच्याकडूनच येतात.

त्या यकृताच्या कापातील अंडे शिस्टोसोमा मॅन्सोनाय या पर्णकृमीचे होते. या गटातील कृमी जर्मन वैद्य थिओडोर बिल्हार्झ यांनी कैरोमध्ये १८५१ साली शोधला, म्हणून या रोगाला बिल्हार्झियाही म्हणतात. रोग मात्र फार जुना आहे; इजिप्तमधील ममींच्या मूत्रपिंडांत त्याची चुनखडीसारखी झालेली अंडी मार्क आर्मंड रफर यांनी १९१० साली दाखवली. गोड्या पाण्यातील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून काही मिनिटांत आत शिरतात, शेपटी बाहेरच टाकतात, फुप्फुसांतून यकृतात येतात आणि तिथे वाढून नर-मादीची जोडी जमवतात. नराच्या शरीराला लांबीभर एक खोबण असते, तिच्यात मादी राहते, आणि ही एक-दीड सेंटिमीटरची जोडी आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या बारीक शिरांत सरासरी तीन ते दहा वर्षे आणि काही वेळा तीस वर्षांहूनही अधिक काळ रक्तात बुडून राहते.

रक्तात राहायचे म्हणजे प्रतिकार यंत्रणेच्या ऐन छावणीत राहायचे. प्रतिपिंडे, पूरक प्रथिने आणि पांढऱ्या पेशी क्षणोक्षणी अंगावरून वाहत असताना हा कृमी वर्षानुवर्षे जगतो कसा, या प्रश्नाने अनेक संशोधकांना पछाडले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील स्मिदर्स आणि टेरी यांनी केलेला प्रयोग मला आजही अतिशय सुंदर वाटतो. त्यांनी उंदरांत वाढवलेले कृमी काढून माकडांच्या शिरांत सोडले आणि ते तिथे काही काळाने सुखाने राहू लागले. मग त्यांनी उंदराच्या रक्तपेशींविरुद्ध आधीच प्रतिपिंडे तयार झालेली माकडे घेतली आणि त्यांच्यात उंदरांतले कृमी सोडले, ते मेले. माकडातच वाढलेले कृमी मात्र अशाच माकडांत जिवंत राहिले. याचा अर्थ एवढाच निघतो की कृमीने उंदराच्या शरीरातील रेणू आपल्या कातडीवर पांघरले होते. ज्याच्या घरात राहायचे त्याचीच शाल अंगावर घ्यायची, म्हणजे पहारेकऱ्याला घरचाच माणूस वाटतो. शिवाय त्याच्या कातडीचा बाहेरचा पापुद्रा सतत झिजून नवा येत राहतो, त्यामुळे चिकटलेली प्रतिपिंडेही टिकत नाहीत.

अंड्याला अशी शाल नसते, आणि मला वाटते की या रोगाचे सारे मर्म इथे आहे. शिस्टोसोमा मॅन्सोनायची मादी दिवसाला सुमारे ३०० अंडी घालते. आतड्याच्या भिंतीतून पोकळीत पोहोचून विष्ठेबरोबर बाहेर पडणे हा अंड्याचा मार्ग आहे, परंतु त्याला स्वतःला हालचाल करता येत नाही. आतल्या अळीने सोडलेले स्राव कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरतात, त्यांच्याकडे शरीराच्या पेशी धावतात, आणि या पेशींच्या हालचालीबरोबर अंडे भिंतीतून पुढे ढकलले जाते. म्हणजे अंड्याला बाहेर पडण्यासाठी शरीराचा रागच हवा असतो. प्रतिकारक पेशी कमी असलेल्या उंदरांत अंडी विष्ठेतून कमी बाहेर पडतात, आणि एचआयव्हीमुळे ज्यांच्या सीडी-फोर नावाच्या प्रतिकारक पेशी घटल्या आहेत अशा रुग्णांतही हेच आढळले आहे.

जवळपास निम्मी अंडी मात्र बाहेर पडत नाहीत. रक्ताच्या ओघाबरोबर ती यकृतात जातात, तिथल्या बारीक शिरांत अडकतात आणि मी त्या दुपारी पाहिलेले दृश्य घडते. अंड्यातील अळी दोन-तीन आठवड्यांत मरते, पण भोवतालची गाठ आपले काम करतच राहते आणि शेवटी तिथे तंतूंचा वण उरतो. असे हजारो वण यकृतात येणाऱ्या मोठ्या शिरेच्या फांद्यांभोवती साठले की रक्ताला वाट मिळेनाशी होते, प्लीहा वाढते, अन्ननलिकेच्या तळाच्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी त्या फुटून रक्ताची उलटी होते. यकृताच्या पेशी तोवर बऱ्यापैकी काम करत असतात. बिघडलेली असते ती मुख्यतः रक्ताची वाहतूक. या कृमीचा भाऊबंद शिस्टोसोमा हिमॅटोबियम मूत्राशयाच्या भिंतीत अंडी सोडतो. त्याने लघवीतून रक्त जाते आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून मूत्राशयाचा कर्करोगही होतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

मग ही गाठ शरीराने बांधलीच नसती तर बरे झाले असते का? हा प्रश्न मीही सरांना विचारला होता. उत्तर असे आहे, की ज्या उंदरांना या गाठी बांधता येत नाहीत ते लवकर मरतात, कारण अंड्यातून पाझरणारे विषारी स्राव मोकळेपणाने यकृताच्या पेशी मारतात. गाठ म्हणजे विष कोंडून ठेवणारी भिंत आहे. ती बांधली नाही तर माणूस आज दगावेल आणि बांधत राहिली तर वीस वर्षांनी. शरीराने यांतले दुसरे स्वीकारले आहे. बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी शरीर स्वतःच नव्या गाठींचा आकार आटोक्यात ठेवू लागते. ज्यांना हा आवर घालता येत नाही, अशा थोड्यांनाच यकृताचा गंभीर आजार होतो.

सगळा दोष शरीराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. अंकुशकृमी खरोखरच रक्त पितो. इटलीतील अँजेलो डुबिनी यांनी १८३८ साली मिलानमध्ये शवविच्छेदन करताना तो पहिल्यांदा पाहिला, पण त्याचे गांभीर्य जगाला कळले ते १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वतातील सेंट गोथार्ड बोगद्याच्या कामावर मजूर पांढरेफटक पडून कोसळू लागले तेव्हा. बोगद्यातील उबदार, ओलसर आणि विष्ठेने दूषित झालेली माती या कृमीच्या अळ्यांना अगदी मानवली होती. तो शरीरात शिरतो कसा, हे आर्थर लूस यांना कैरोमध्ये अपघातानेच समजले. अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब त्यांच्या हातावर पडला, तिथे जळजळ होऊन त्वचा लाल झाली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंकुशकृमीची अंडी दिसू लागली. पुढे त्यांनी कापून टाकाव्या लागणार असलेल्या एका पायाच्या त्वचेवर अळ्या ठेवल्या आणि नंतर त्या त्वचेच्या कापांत केसांच्या मुळांजवळून आत शिरणाऱ्या अळ्या दाखवून दिल्या.

आतड्यात पोहोचलेला अंकुशकृमी अस्तराचा एक गोंडा तोंडात ओढून घेतो, दातांनी किंवा कापऱ्या पट्ट्यांनी तो चिरतो आणि रक्त गोठू नये म्हणून अनेक प्रथिने सोडतो. त्यांतील काही प्रथिने रक्त गोठवण्याच्या साखळीतील दहाव्या क्रमांकाचा घटक अडवतात, तर काही त्याच्याही आधीची कडी तोडतात. कृमी जागा बदलतो तेव्हा जुनी जखम काही काळ वाहतच राहते, त्यामुळे त्याच्या पोटात जाते त्याहून अधिक रक्त वाया जाऊ शकते. नेकेटर अमेरिकॅनस जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर आणि अँकिलोस्टोमा ड्युओडेनॅले जातीचा सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण नेकेटरचे शंभर कृमी धरले तर रोजचे ३ मिलिलिटर रक्त होते, आणि त्यात साधारण दीड मिलिग्रॅम लोह असते. निरोगी माणूस दिवसभराच्या अन्नातून शोषतो तेच मुळी एक ते दोन मिलिग्रॅम लोह. वाया गेलेल्या लोहाचा काही भाग आतडे परत शोषून घेते, तरीही जमाखर्चाची तोंडमिळवणी होत नाही. लोहाची शिल्लक भरपूर असलेल्या माणसाला हे वर्षभर कळत नाही. वाढत्या वयाचे मूल, मासिक पाळी सुरू असलेली मुलगी किंवा गर्भवती स्त्री यांची शिल्लक मुळातच कमी असते आणि त्यांना तोच संसर्ग रक्तक्षयाच्या खाईत लोटतो. म्हणूनच ‘थोडे जंत सगळ्यांनाच असतात’ हे वाक्य ऐकले की मला वाईट वाटते. ते ज्याच्याविषयी बोलले जाते त्याच्या शरीरात लोह किती शिल्लक आहे, हे बोलणाऱ्याने पाहिलेले नसते.

मोठ्या गोल जंताविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्याने घडवलेले बरेचसे नुकसान यांत्रिक असते. तीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारे जंत लहान मुलाच्या आतड्यात गोळा होऊन वाट अडवतात किंवा पित्तनलिकेत घुसतात, आणि तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तोंडावाटे आत गेलेला हा जंत थेट आतड्यात न राहता आधी रक्तावाटे यकृत आणि फुप्फुसांची फेरी करून, खोकल्याबरोबर घशात येऊन, पुन्हा गिळला जातो. जपानमधील कोइनो या वैद्याने १९२२ साली या जंताची २,००० अंडी स्वतः गिळली, काही दिवसांत त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. एवढ्या द्राविडी प्राणायामाची गरज काय, याची खात्रीची उकल अजून झालेली नाही.

या सर्व पाहुण्यांना शरीर कसे तोंड देते, ते आता पाहू. जिवाणूला पेशी गिळू शकते, पण काही सेंटिमीटरच्या प्राण्याला कोणती पेशी गिळणार? त्यामुळे कृमींविरुद्ध शरीराने वेगळीच पद्धत घडवली आहे. आतड्याच्या अस्तरात तुरळक विखुरलेल्या, माथ्यावर तुरा असलेल्या काही पेशी असतात. त्या नेमके काय करतात हे अनेक दशके कोणाला माहीत नव्हते. २०१६ साली तीन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले की या तुरेवाल्या पेशी कृमीची चाहूल घेतात आणि इंटरल्यूकिन-२५ नावाचा संदेश सोडतात. तो मिळताच अस्तराखालच्या पेशी इंटरल्यूकिन-१३ सोडतात, त्याच्या प्रभावाने श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी वाढतात, अस्तर भराभर बदलू लागते, पाणी सुटते आणि आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. शत्रूला मारण्याऐवजी त्याच्या पायाखालची जमीन निसरडी करून त्याला वाहून लावायचे, अशी ही रीत आहे. ऊतींमध्ये शिरलेल्या अळ्यांसाठी आयजीई प्रतिपिंडे आणि इओसिनोफिल पेशी असतात. त्या अळीला घेरतात आणि आपल्या कणांतील दाहक प्रथिने तिच्या अंगावर ओततात. ॲलर्जीच्या वेळी ज्या यंत्रणेमुळे आपण शिंकतो आणि खाजवतो, तीच ही यंत्रणा.

दीर्घकाळ टिकलेले कृमी अर्थातच या यंत्रणेला आवर घालायला शिकलेले असतात. शरीरात दाह शमवणाऱ्या नियामक पेशी असतात, आणि त्यांना कामाला लावणारा टीजीएफ-बीटा नावाचा एक संदेशरेणू असतो. उंदरांच्या आतड्यात राहणारा एक गोल कृमी या रेणूची नक्कल करणारे प्रथिन सोडतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. आश्चर्य हे, की या प्रथिनाची घडण टीजीएफ-बीटासारखी अजिबात नाही. किल्ली सर्वस्वी वेगळ्या धातूची आणि वेगळ्या आकाराची, पण तेच कुलूप उघडणारी. यजमानाचा दाह कमी झाला की कृमीला शांतता मिळते आणि यजमानाच्या ऊतींचीही नासधूस टळते, त्यामुळे हा सौदा दोघांनाही काही प्रमाणात मानवतो. यावरून प्रेरणा घेऊन आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना डुकरातील चाबूककृमीची अंडी पाजून पाहण्यात आली. सुरुवातीच्या लहान चाचण्यांनी मोठी आशा दाखवली, परंतु नंतरच्या मोठ्या चाचण्यांत क्रोन रोग या आतड्याच्या दाहाच्या आजारावर अपेक्षित लाभ दिसला नाही. कृमींच्या रेणूंपासून औषधे शोधण्याचा मार्ग मला योग्य वाटतो. ‘जंत असलेले बरे’ असा निष्कर्ष काढून उपचार टाळणे मात्र मला मुळीच मान्य नाही, कारण हाच आवर लसींना मिळणारा प्रतिसाद आणि इतर रोगांशी लढण्याची ताकदही क्षीण करू शकतो.

हत्तीरोगात हा सौदा फार स्पष्ट दिसतो. टिमोथी लुईस यांनी १८७२ साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या कृमीची पिल्ले पाहिली, आणि १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे ती डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या केशिकांत दडून राहतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास, डास चावण्याच्या वेळी, त्वचेजवळच्या रक्तात येतात; म्हणून रक्ताचा नमुना रात्री घ्यावा लागतो. आता विरोधाभास पाहा. ज्यांच्या रक्तात ही पिल्ले लाखांनी फिरत असतात, त्यांतील अनेक माणसे बाहेरून धडधाकट दिसतात, आणि ज्याचा पाय खांबासारखा सुजलेला आहे त्याच्या रक्तात पुष्कळदा एकही पिल्लू सापडत नाही. पहिल्याच्या शरीराने कृमी सहन केला आहे, दुसऱ्याच्या शरीराने तो सहन केलेला नाही. काहींची यंत्रणा तर इतकी तापट असते की ती फुप्फुसांतच पिल्लांचा फडशा पाडते. अशा माणसाला रात्री दम्यासारखा खोकला येतो, रक्तात इओसिनोफिल प्रचंड वाढतात आणि पिल्ले मात्र दिसत नाहीत.

बाहेरून धडधाकट म्हणजे निरोगी नव्हे, हेही सांगायला हवे. प्रौढ कृमी ऊतींतले पाणी वाहून नेणाऱ्या ज्या लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे राहतात, त्या फुगून ढिल्या होतात आणि त्यांच्या झडपा निकामी होतात. अंडकोषाच्या सोनोग्राफीत फुगलेल्या वाहिनीच्या आत कृमी वळवळताना दिसतात, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. कृमी मेला की भोवती दाह होऊन वाहिनी बंद पडते. साचलेल्या पाण्यामुळे पायाची त्वचा कमकुवत होते, बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून जिवाणू शिरतात, ताप आणि लाली येते, आणि अशा प्रत्येक हल्ल्यानंतर पाय आणखी जाड होतो. या टप्प्यावर कृमी मारणारे औषध पाय पूर्ववत करत नाही. साबणाने रोज पाय धुणे, बेचके कोरडे करणे, भेगांना मलम लावणे आणि पाय उंच ठेवणे यांनी हे हल्ले कमी होतात, आणि मी पाहिलेल्या रुग्णांपैकी अनेकांना हे कोणी कधी सांगितलेलेच नव्हते.

या कृमीच्या पोटातही एक भाडेकरू असतो. वोल्बाकिया नावाचे जिवाणू त्याच्या पेशींत राहतात, त्यांच्यावाचून मादीला पिल्ले घालता येत नाहीत, आणि कृमी किंवा पिल्ले मरतात तेव्हा हे जिवाणू बाहेर पडून दाह भडकवतात. हत्तीरोगाच्या कृमीचा नातलग असलेल्या ऑन्कोसर्का या कृमीची पिल्ले डोळ्यात मरतात तेव्हा बुबुळ पांढरे होते, त्यातही या जिवाणूंचा मोठा वाटा आहे. त्यामुळे डॉक्सिसायक्लिन हे साधे प्रतिजैविक चार ते सहा आठवडे दिले, तर जिवाणू मरतात, कृमी वांझ होतो आणि पुढे हळूहळू मरतो.

मरणारा कृमी जिवंत कृमीहून घातक ठरतो याचे सर्वांत कठोर उदाहरण मेंदूत आढळते. डुकरातील पट्टकृमीची दोन रूपे माणसात दिसतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो, आणि त्याचा त्रास बेताचाच असतो. त्या पट्टकृमीची अंडी मात्र दूषित हात, पाणी किंवा अन्न यांतून कोणाच्याही पोटात गेली, तर अळ्या रक्तावाटे स्नायूंत आणि मेंदूत जाऊन द्रवाने भरलेल्या पारदर्शक पिशव्या तयार करतात. म्हणजे आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कमध्ये डुकराचे मांस धर्माने वर्ज्य असलेल्या ज्यू कुटुंबांत असे रुग्ण आढळले होते.

सेंटिमीटरभराची ही पिशवी मेंदूत वर्षानुवर्षे मूकपणे राहू शकते. तपासणीच्या चित्रात आत एक ठिपका दिसतो, ते अळीचे डोके. भोवती सूज मुळीच नसते, कारण अळी आसपासची प्रतिकार यंत्रणा थोपवून धरत असते. ती म्हातारी होऊन मरू लागली की हा बंदोबस्त ढासळतो, पिशवीतील द्रव गढूळ होतो, भोवती सूज येते आणि माणसाला फेफऱ्याचा पहिला झटका येतो. भारतात राहून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील बहुतेकांना झटके संसर्गानंतर काही वर्षांनी सुरू झालेले होते. अशा रुग्णाला कृमी मारणारे औषध दिले तर तीच सूज एकाच वेळी सर्व पिशव्यांभोवती येऊ शकते. म्हणून त्याबरोबर स्टेरॉइड देऊन सूज आवरावी लागते, आणि पिशव्या फार असतील किंवा मेंदूत आधीच सूज असेल तर ते औषध देणेच धोक्याचे ठरते. जंतांचे औषध म्हणजे एक गोळी आणि काम संपले, अशी सवय झालेल्यांना हे पटवणे अवघड जाते.

वर म्हटले की कृमी माणसाच्या शरीरात पिढी वाढवत नाहीत. स्ट्राँजिलॉइडिस हा त्याला ठळक अपवाद आहे. आतड्याच्या अस्तरात राहणाऱ्या त्याच्या मादीची अंडी तिथेच फुटतात, आणि बाहेर पडणाऱ्या अळ्यांपैकी काही बाहेर जाण्याआधीच परिपक्व होऊन आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा आत शिरतात. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर राबवलेल्या युद्धकैद्यांपैकी काहींच्या शरीरात हा कृमी चाळीसहून अधिक वर्षांनंतरही सापडला. मायदेशी परतल्यावर त्यांचा त्या मातीशी संबंध उरला नव्हता. प्रतिकार यंत्रणा अळ्यांची संख्या इतकी काटेकोर आवरते की माणसाला कधीतरी पोटदुखी किंवा अंगावर सरकणारी लाल रेघ यापलीकडे काही जाणवत नाही. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी स्टेरॉइड दिले की ते प्रतिकार यंत्रणा दडपते आणि हा आवर सुटतो. मग अळ्या हजारोंनी वाढून फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत जातात, आतड्यातील जिवाणूही आपल्याबरोबर रक्तात नेतात, आणि वेळीच निदान झाले नाही तर रुग्ण बहुधा वाचत नाही. अशा वेळी रक्तातील इओसिनोफिल वाढलेले दिसतीलच असेही नसते, त्यामुळे नेहमीची खूणही हाती लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे थुंकीचा एक नमुना क्षयरोगाच्या तपासणीसाठी आला. रुग्णाला दम्यासाठी काही महिने स्टेरॉइड सुरू होते आणि खोकला वाढतच चालला होता. नमुना रंगवण्यापूर्वी मी सहज एक थेंब काचपट्टीवर घेऊन कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहिला. पेशींच्या गढूळ पसाऱ्यात एक बारीक, काचेसारखी पारदर्शक अळी होती. ती शरीर कमानीसारखे वाकवून क्षणभर थांबायची आणि पुन्हा झटक्याने सरळ व्हायची, आणि तिच्या वळवळीने आजूबाजूच्या पेशी हलत होत्या. मी लगेच डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्याच दिवशी आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक औषध सुरू झाले, स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवण्यात आली, आणि थुंकी व विष्ठा यांतील अळ्या नाहीशा होईपर्यंत आम्ही नमुने पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. तो रुग्ण वाचला. दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी, ज्यांचा पूर्वी कधीही उघड्या मातीशी अनवाणी संबंध आलेला असेल त्यांची या कृमीसाठी तपासणी करावी किंवा आयव्हरमेक्टिन आधीच द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. माझ्यापुरते मी एक ठरवले आहे: स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचा नमुना कोणत्याही तपासणीसाठी आलेला असो, रंगवण्यापूर्वी मी त्याची एक ओली काचपट्टी करून पाहते.